राघवच्या गाडीची वाटणी

गाडीवेड्यांच्या नादी लागू नये, असं माझी बायको कुमुद लग्नापासून सांगत आली आहे. ती चुकीचं बोलत नाही, फक्त फार वेळा बोलते. आमचं मंडळ जुन्या मॅटाडोर व्हॅन बाळगणाऱ्यांचं. दिल्ली, फरीदाबाद, गुडगावपासून रोहतक, कर्नाल, मेरठपर्यंत मिळून दहा-बारा जण असू. एकेकाळी ज्या गाड्यांनी शाळेची पोरं वाहिली, तंबूचे बांबू वाहिले, आझादपूरच्या मंडईतून फ्लॉवर वाहिला, त्या आम्ही भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणायच्या आणि पुन्हा रस्त्यावर उभ्या करायच्या. नव्वद सालानंतर नव्या गाड्यांचं पेव फुटलं. ऑफिसातला कालचा पोरगासुद्धा हप्त्यांवर चकचकीत गाडी घेऊन येऊ लागला आणि आमच्याकडे बघून हसू लागला. हसेना का. हौसेला मोल नसतं.

हे सगळं सुरू केलं राघवनं. तो पुण्याचा, मीही पुण्याचा, आणि दोघंही पंच्याऐंशीच्या सुमारास फरीदाबादला पोटासाठी आलेलो. त्याचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा कारखाना, माझा शेजारचा प्रेसचा. पहिल्या हिवाळ्यात दोघं एका खोलीत राहायचो आणि एकाच बादलीतल्या गरम पाण्यावरून भांडायचो. मला तो विश्या म्हणायचा. त्या शहरात विश्वनाथचं विश्या करणारा तो एकटाच होता, आणि आता कुणी नाही.

पुढे त्यानं गुडगावला फ्लॅट घेतला. नवी सोसायटी, लिफ्ट, सलाम ठोकणारा गार्ड, आणि भिंतीपलीकडे अजून मोहरीची शेतं. तिथल्या बेसमेंट नसलेल्या, खांबांवर उभ्या इमारतीखाली चकाचक गाड्यांच्या रांगेत राघवची निळी मॅटाडोर उभी राहायची. कमिटीवाले एकदा घरी आले. म्हणाले, सोसायटीच्या इभ्रतीला शोभत नाही. राघवनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "इभ्रत तुमची आहे, डिझेल माझं आहे." त्यानंतर कुणी आलं नाही.

त्याच गाडीतून तो रोज अरावलीच्या खाणींवरून, पालीच्या रस्त्यानं फरीदाबादला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. फाटकाशी हॉर्न वाजला की त्याची मुलगी सुखदा खाली पळत यायची. सुखदा तेव्हा तेवीस वर्षांची होती. जन्मापासूनच ती वेगळी. डॉक्टरांनी तिच्या असण्याला दोन-तीन नावं दिली होती. राघवनं त्यातलं एकही पाठ केलं नाही. ती मोजकं बोलते. लहान मुलासारखं बोबडं नाही, लाडिक नाही, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. बापलेक मिळून रोज एक फेरी मारायचे. नुसती फेरी, अर्धवट बांधलेल्या टॉवर्समधून. ती पुढच्या दोन सीटांमधल्या, इंजिनावरच्या झाकणावर हात ठेवून बसायची. परत आल्यावर जेवायची, झोपायची. या फेरीवर त्या घराचा दिवस टेकलेला होता.

आता आमचा रिवाज सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं. जुन्या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत. त्यामुळे एखादी गाडी अगदीच गेली, की सगळे पाने घेऊन जमायचे आणि तिची वाटणी करायचे. कुणी दार न्यायचं, कुणी डायनॅमो. मग मंडळातला एक म्हातारा सभासद वारला, तेव्हा राघवनंच म्हटलं की याचीही वाटणी करू, प्रत्येकानं याच्या गाडीतलं काहीतरी आपल्या गाडीत बसवायचं, म्हणजे माणूस रस्त्यावर राहील. तो हे हसत हसत म्हणाला होता. पण आम्हाला ते पटलं, आणि घरच्यांनाही पटलं, कारण त्यांना दारातली अडगळ जायला हवीच होती. पुढे आणखी एकाची झाली. रिवाज पडायला याहून जास्त काही लागत नाही.

दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात राघव गेला. कारखान्यात, चहा पिता पिता. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर त्याला पांढरी चादर घातली होती. वय पन्नासही नाही. फरीदाबादलाच सगळं उरकलं. राघवची बायको, लतिकावहिनी, आल्या त्या त्यांच्या भावाच्या आधारानं. सुखदाला आणलं नाही. अशा गर्दीत, रडारडीत ती बिथरेल, असं तिच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ती शेजारच्या गिरिजाबाईंकडे राहिली. तिनं बापाला शेवटचं पाहिलं ते तो गेला त्या सकाळी बाल्कनीतून, गाडीत बसून जाताना.

मला दुसऱ्याच दिवशी पुण्याला जावं लागलं. आईचा खुबा मोडला होता, ऑपरेशन ठरलं होतं. मित्राचं तेरावंही मला गाठता आलं नाही. दीड महिन्यानं परतलो तर भसीनचा फोन आला. भसीनची फरीदाबादला वर्कशॉपची शेड आहे आणि मंडळाचा सगळा पसारा तिथंच असतो. रडका आवाज. म्हणाला, "राघव की गाड़ी बाँट ली, यार. तेरे लिए स्टीयरिंग रखा है."

गाडी कारखान्याच्या आवारातच उभी होती. तिथून ती परस्पर भसीनच्या शेडमध्ये गेली होती. मी जाऊन स्टीअरिंग घेतलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. राघवच्या हातांनी ते गुळगुळीत झालं होतं. पोत्यात गुंडाळून मी ते मागच्या सीटवर ठेवलं आणि तसाच वहिनींना भेटायला गुडगावला गेलो.

सोसायटीत शिरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. खाली, राघवच्या गाडीच्या जागेवर सुखदा बसली होती. खांबाला पाठ लावून, पाय लांब करून, चपला घालून. शेजारी घडीच्या स्टुलावर वहिनी. दोन्ही बाजूंना नव्या गाड्या आणि मध्ये ही दोन माणसं. मला बघून वहिनी उठल्या. सुखदा उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या फरशीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गाडी नाही."

"हो गं, बाळा," मी म्हणालो.

"रोज येते," वहिनी म्हणाल्या. "सहाला खाली येते. डास चावायला लागले की वर जातो आम्ही. मग जेवते, झोपते."

"रडते?"

"नाही."

वर गेल्यावर वहिनींनी चहा टाकला. सुखदा आतल्या खोलीत गेली. मी विचारलं की तिला सांगितलंय का. वहिनी म्हणाल्या, "सांगितलं ना, भावजी. स्पष्ट सांगितलं. बाबा मेले, असंच म्हटलं. तिच्याशी गोल गोल बोलून चालत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि माझा हात धरून मला खाली घेऊन गेली. ती जागा दाखवली. तेव्हापासून रोज जातो."

माझं डोकं फिरलं. पोरीकडे बापाची म्हणून एक गोष्ट उरली होती, आणि आमच्या दीडशहाण्यांनी तिचे तुकडे करून नेले होते. "तुम्ही हो कसं म्हटलंत?" मी विचारलं.

"सगळे दाराशी हात जोडून उभे होते. ते भसीनसाहेब तर लहान मुलासारखे रडत होते. मला तेव्हा ती गाडी डोळ्यांसमोर नकोच होती. मी म्हटलं, न्या."

"मी परत आणतो गाडी."

वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या. "नको, भावजी."

"का नको?"

"ती शांत आहे आता. राहू द्या ना."

"याला शांत म्हणता? तरणी पोर रोज रिकाम्या जागेत जाऊन बसते, आणि तुम्ही..." मी बराच वेळ बोललो. मी बोलत सुटलो की समोरच्याला शब्द घालायला फट सापडत नाही. वहिनींनी एकदा सुरुवात केली, "तिला असं वाटतंय की..." मी म्हटलं, "तिला काय वाटतंय ते मला दिसतंय, वहिनी." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. मी साखर न ढवळताच चहा प्यायलो.

तिथून थेट शेडमध्ये गेलो. राघवच्या गाडीचा सांगाडा कोपऱ्यात विटांवर उभा होता. दारं नाहीत, दिवे नाहीत, पोटात काही नाही. इंजिन भसीननं स्वतःच्या गाडीत बसवलं होतं. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "रिवाज तो राघव का ही था, यार."

"राघव को क्या पता था, एक दिन उसी के घर का नंबर लगेगा," मी म्हणालो. "लड़की रोज़ वहाँ बैठती है. खाली जगह पे."

भसीननं पगडी सारखी केली, डोळे पुसले, आणि पाना घेऊन स्वतःच्या गाडीखाली शिरला. माणूस वाईट नाही. आमच्यात वाईट कुणीच नव्हतं, हीच तर रड आहे.

मग फोनाफोनी झाली. पुढचं दार रोहतकला गेलं होतं, दिवे कर्नालच्या एका ढाबेवाल्याकडे, आणि मागची लांब सीट मेरठच्या एका प्रोफेसरांनी नेली होती, ती त्यांनी टॅक्सीच्या टपावर बांधून स्वतः परत आणली. कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याला त्याला घरी जाऊन बायकोला सांगताना लाज वाटली असेल. हॉर्न सापडेना, तो एकाच्या पोरानं सायकलला लावला होता.

रविवारमागून रविवार आम्ही शेडमध्ये घालवले. थंडी वाढली, सकाळी धुकं उतरायचं, पाने हाताला चिकटायचे. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत आम्ही खूश होतो. राघवच्या आठवणी निघायच्या, त्याच्या नकला व्हायच्या, भसीनच्या घरून मुळ्याचे पराठे यायचे. बोल्टमागून बोल्ट बसत होता आणि आम्हाला वाटत होतं, मित्राचंच काहीतरी जागेवर बसतंय. इंजिन लागलं तेव्हा मेरठवाले प्रोफेसर कान देऊन म्हणाले, "नहीं, वो थोड़ा खाँसती थी." मग भसीननं ती खोकेपर्यंत तिच्याशी झटापट केली. ब्रशचा एक ओघळ राघवकडून दारावर राहिला होता, रोहतकवाल्यानं तो घासून काढला होता. मी निळा रंग घेऊन तसाच ओघळ पुन्हा सोडला. बघणाऱ्याला सांगूनही पटलं नसतं की ही गाडी कधी उघडली होती.

शनिवारी मी वहिनींना फोन केला. "उद्या संध्याकाळी आणतो. राघव यायचा त्याच वेळेला."

त्या म्हणाल्या, "भावजी, आधी तुम्ही एकटे या ना. बसून बोलू. गाडीचं मग बघू."

"आता काय बोलायचं, वहिनी? सगळे येणारेत. त्यांनाही प्रायश्चित्त नको का?"

"बरं," त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही रांगेनं निघालो. पुढे राघवची गाडी, ती मी चालवत होतो, मागे बाकीच्यांच्या. पालीच्या घाटीतून जाताना नव्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघत होती. माझी छाती फुगल्यासारखी झाली होती. सोसायटीच्या फाटकाशी मी राघव वाजवायचा तसा हॉर्न वाजवला, एक लांब, एक आखूड. गार्डचा हात आपोआप कपाळाला गेला, मग त्यानं आत कोण बसलंय ते पाहिलं आणि हात खाली घेतला.

सुखदा जागेवरच होती. हॉर्न ऐकताच ती उठली. तिला मी इतकं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. गाडीला वाट द्यायला ती खांबामागे सरकली, वहिनींचं स्टूलही तिनंच उचलून बाजूला घेतलं. वहिनी उभ्या होत्या, त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते. मी गाडी आत घेतली, दोन खांबांच्या मधोमध, आणि इंजिन बंद केलं.

सुखदानं माझ्या बाजूचं दार उघडलं. मला बघितलं. ओळखीचं काही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. तिनं माझ्या दंडाला धरून मला हळूच पुढे वाकवलं आणि माझ्या पाठीमागे बघितलं. मग वळसा घालून दुसऱ्या दारानं आत चढली. मागच्या सीटपाशी गेली. सीटच्या खाली बघितलं. मागचा दरवाजा उघडून बघितला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडेना. भसीन तर कौतुकानं हसत होता. म्हणाला, "देखो, सब चेक कर रही है."

मग ती बाकीच्या गाड्यांकडे गेली. रस्त्यावर रांगेनं उभ्या असलेल्या एकेक गाडीचं दार उघडायचं, आत डोकावायचं, दार नीट लावायचं. रोहतकवाल्याच्या गाडीत त्याची म्हातारी सासू बसली होती. तिलाही तिनं निरखून पाहिलं. शेवटच्या गाडीपर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा हसू गेलेलं होतं. ती वहिनींसमोर उभी राहिली.

"गाडी आली," ती म्हणाली.

"हो, बेटा," वहिनी म्हणाल्या.

"बाबा नाही."

वहिनींनी तिचा हात हातात घेतला.

"बाबा मेले," सुखदा म्हणाली. ते तिनं विचारलं नव्हतं.

त्यानंतर तिनं जो आवाज काढला तो मी इथं लिहिणार नाही. वरच्या बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली. तिनं डोकं खांबावर आपटायला सुरुवात केली तेव्हा मी आणि भसीन धावलो, पण ती आम्हाला हात लावू देईना. वहिनींनी तिला मागून मिठी घातली आणि दोघी तशाच फरशीवर बसल्या. बऱ्याच वेळानं गिरिजाबाई खाली आल्या आणि त्यांनी मिळून तिला वर नेलं. आमची माणसं एकेक करून निघून गेली. कुणी कुणाचा निरोप घेतला नाही.

मी थांबलो. वहिनी खाली आल्या तेव्हा त्यांचा ओठ सुजला होता, झटापटीत लागलं असावं. मी काहीतरी माफीचं पुटपुटलो. त्यांनी हात हलवला.

"मी तिला सांगितलं होतं, भावजी. पण त्या सकाळी तिनं बाबांना गाडीतून जाताना बघितलं होतं. गाडी नाही, म्हणजे बाबा अजून गाडीत आहेत. तिचं साधं होतं. मी किती वेळा फोडून सांगितलं, ती मला खाली आणून जागा दाखवायची. मग मीच सोडून दिलं."

"मला सांगायला हवं होतं तुम्ही," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच मला माझा आवाज ऐकू आला.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला पेललं असतं. त्यांनी स्टुलाची घडी घातली आणि ते काखेत धरून उभ्या राहिल्या. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस मी तिला सोबत म्हणून बसत होते. नंतर मीही बघत असायचे फाटकाकडे. मला सगळं माहीत होतं, मी त्यांना अग्नी दिलेला बघितलाय. तरी सहा ते सात मी तिच्याबरोबर वाट बघायचे. तेवढा तास बरा जायचा."

मी विचारलं, गाडी घेऊन जाऊ का. त्या म्हणाल्या, "आता असली काय आणि नसली काय."

गाडी तिथंच आहे. सुखदा आता खाली येत नाही. संध्याकाळी जेवत नाही, गोळी दिल्याशिवाय झोपत नाही. पूर्वी ताट मागायची, आता भरवावं लागतं. मी मधूनमधून जातो, वहिनी चहा करतात, आणि सहा वाजले की उठून हॉलचा फाटकाकडचा पडदा लावून घेतात.